उपशाचे ऋण : घरगुती पंप, वीज आणि पाण्यावरचे स्वत्व

गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी नकळत हिंसा घडते, असे धर्मशास्त्र मानते. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच ठिकाणे असून मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात त्यांना ‘सूना’, म्हणजे प्राणिवधाच्या जागा, असे म्हटले आहे. आणि गृहस्थाने नित्य करावयाचे पाच महायज्ञ हे या पाच जागी घडणाऱ्या दोषाचे परिमार्जन म्हणून सांगितले आहेत. चूल जाळते, वरवंटा चिरडतो, केरसुणी लोटते, मुसळ ठेचते. त्यांचे दोष डोळ्यांना दिसणारे आहेत. घडा मात्र काहीच करीत नाही, तो केवळ भरलेला असतो, आणि तरीही त्याची गणना या यादीत झाली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पाणी घरात आणणे हेदेखील कोठून तरी काही काढून घेणे आहे आणि ज्याने काढून घेतले त्याच्यावर काहीतरी देणे राहते, ही जाणीव ज्यांनी ती यादी केली त्यांच्या मनात निश्चित होती.

आज महाराष्ट्रातील असंख्य घरांत त्या घड्याची जागा विजेवर चालणाऱ्या पंपाने घेतली आहे. परसातील विहिरीवर बसवलेली अर्ध्या किंवा एका अश्वशक्तीची मोटर असो की कूपनलिकेत, म्हणजे बोलीतल्या बोअरमध्ये, खोल सोडलेला सबमर्सिबल पंप असो, बटण दाबले की पाणी गच्चीवरच्या टाकीत जाते आणि तेथून नळांत उतरते. पाण्यासाठी लागणारे श्रम घरातून नाहीसे झाले आहेत आणि त्यांच्या जागी विजेच्या बिलातला एक लहानसा, वेगळा न दाखवलेला आकडा आला आहे. यातून निर्माण होणारा प्रश्न काटकसरीचा किंवा तंत्रज्ञानाचा वाटला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे: जे घेणे देहाला जाणवतच नाही, त्याचे ऋण लागते का, आणि लागत असेल तर ते कोणाचे?

प्रथम त्या आकड्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. पाणी उचलण्यास लागणारी ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते, पाण्याचे वजन आणि ते किती उंच चढवायचे ती उंची. पाण्याची पातळी जमिनीखाली पन्नास मीटरवर असेल आणि टाकी जमिनीपासून दहा मीटर उंच असेल, तर एक हजार लिटर पाणी त्या साठ मीटरांतून वर आणण्यास तत्त्वतः ०.१६ युनिट वीज पुरते. परंतु लहान घरगुती पंपात मोटरीची उष्णता, पंख्याभोवतीची गळती आणि नळीतील घर्षण यांत ऊर्जेचा मोठा भाग जातो. घेतलेल्या विजेपैकी साधारण ३० टक्केच पाणी उचलण्याच्या कामी आली असे धरले, तर तेच काम अर्ध्या युनिटाहून थोड्या अधिक विजेत होते. पाच माणसांचे कुटुंब दिवसाला सातशे लिटर पाणी वापरत असेल तर महिन्याला अकरा-बारा युनिटे. घरातला फ्रिज बहुधा याहून अधिक वीज घेतो. टाकी भरून गच्चीवरून ओघळत असताना मोटर अर्धा तास तशीच चालू राहणे, फुटव्हॉल्व्ह गळका असल्यामुळे नळीतले पाणी रोज विहिरीत परत जाणे आणि मोटरीने हवा धरणे, वायंडिंग दोनदा जळून पुन्हा भरल्यामुळे मोटरीची ताकद घटणे, अशा कारणांनी ही संख्या सहज दीडपट-दुप्पट होते, आणि ती आटोक्यात आणणे हे प्रत्येक घराचे साधे कर्तव्य आहे. तरीही दुप्पट होऊन ती पंचवीस युनिटांच्या आतच राहते, हे मान्य केले पाहिजे. केवळ विजेच्या मोजमापावर घरगुती पंपाला दोषी ठरवू पाहणारा युक्तिवाद प्रामाणिक नाही.

मात्र त्याच हिशेबात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती या लेखाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ज्या कुटुंबाच्या विहिरीला दहा मीटरवर पाणी आहे, त्याला तितक्याच पाण्यासाठी महिन्याला चार युनिटेदेखील लागत नाहीत. एक हजार लिटर पाण्यामागे जाणारी वीज म्हणजे पाणी किती खोल गेले याची नोंद असते. बिल येते ते पाण्याचे नव्हे, उचलण्याचे. भूमीखालील पाण्याची किंमत त्यात शून्य धरलेली असते. आणि तरीही बिल भरणाऱ्याच्या मनात, पैसे मोजले म्हणजे पाणी आपले झाले, अशी समजूत रुजते. विहीर स्वतःच्या आवारात, मोटर स्वतःची, बिल स्वतःच्या नावावर, मग पाणी कोणाचे, असा प्रश्नच उरत नाही.

या समजुतीला कायद्याचेही पाठबळ मिळाले. १८४३ साली इंग्लंडमध्ये एका सूतगिरणीच्या मालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीने आटवली, तेव्हा न्यायालयाने त्याला दाद दिली नाही. भूमीखालचे पाणी अदृश्य वाटांनी फिरते, ते कोणाच्या जमिनीतून किती येते हे सांगता येत नाही, म्हणून ज्याची जमीन त्याने त्याखालचे पाणी काढावे आणि शेजाऱ्याचे नुकसान झाले तरी त्याला जबाबदार धरू नये, असा त्या निकालाचा आशय होता. तोच विचार १८८२ च्या ‘इंडियन ईझमेंट्स ॲक्ट’ या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात सातव्या कलमाखालच्या एका उदाहरणाच्या रूपाने भारतात आला: निश्चित प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याचा विनियोग करण्याचा हक्क जमीनमालकाला देण्यात आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात लोकन्यासाचे तत्त्व स्वीकारले, म्हणजे नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे असे मानले. महाराष्ट्रानेही २००९ चा भूजल अधिनियम करून साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद केली. पण लोकांच्या मनात अजून १८८२ चाच कायदा नांदतो आहे.

निसर्गाचे वागणे मात्र १८४३ च्या त्या निकालाच्या गृहीतकाशी जुळत नाही. महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, आहे. या दगडात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. दोन सच्छिद्र थरांमध्ये घट्ट दगडाचा पडदा असतो आणि एकंदर साठवण फार थोडी असते. पंप चालू झाला की विहिरीभोवतीची पाणीपातळी नरसाळ्याच्या आकाराने खाली जाते. भूजलशास्त्रात यालाच उपशाचा शंकू म्हणतात. दोन बोअर जवळजवळ असतील तर त्यांचे शंकू एकमेकांत मिसळतात आणि एकाने चालवलेल्या मोटरीमुळे दुसऱ्याचे पाणी काही मीटर खोल जाते. खोल बोअर मारताना मधला पडदा फुटला तर वरच्या थरातले पाणी खाली उतरून शेजारची उघडी विहीर कोरडी पडू शकते. अशा वेळी शेजाऱ्याच्या घरात काहीही चोरीला गेलेले नसते, त्याच्या आवारात कोणी पाऊलही टाकलेले नसते. फक्त त्याच्या बिलात युनिटे वाढतात, आणि ज्याच्यामुळे ती वाढली त्याला त्याचा पत्ताही नसतो. खोलीचा एकेक मीटर एकाच्या सोयीतून दुसऱ्याच्या खर्चात असा नकळत जमा होत राहतो.

धर्मशास्त्रातील जलविचार येथे पुन्हा उघडून पाहावा लागतो, कारण त्यात पाण्यावरच्या स्वत्वाचा, म्हणजे मालकीच्या नात्याचा, अतिशय बारकाईने विचार झालेला आहे. यज्ञयागादी कर्मांना ‘इष्ट’ आणि विहिरी, तळी, बागा, अन्नछत्रे अशा लोकोपयोगी कर्मांना ‘पूर्त’ म्हणत. विहीर खणली म्हणजे पूर्तकर्म संपत नसे. तिचा ‘उत्सर्ग’ करावा लागे. उत्सर्ग म्हणजे विधिपूर्वक त्याग. दान आणि उत्सर्ग यांतील भेद मोठा अर्थपूर्ण आहे: दानात देणाऱ्याचे स्वत्व संपते आणि घेणाऱ्या विशिष्ट व्यक्तीचे स्वत्व उत्पन्न होते, उत्सर्गात देणाऱ्याचे स्वत्व संपते, पण ते कोणा एकाकडे जात नाही, सर्व भूतांसाठी मोकळे होते. यादवांच्या दरबारी असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात दानधर्माचा प्रचंड संग्रह रचला, नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात ‘उत्सर्गमयूख’ हा स्वतंत्र ग्रंथच या विधीवर लिहिला, आणि भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्या चर्चेची सविस्तर मांडणी केली. ज्या वस्तूचा त्याग केला तिचा उपभोग त्याग करणाऱ्याने कसा घ्यावा, ही शंकाही तेथे उपस्थित झाली आणि तिचे उत्तर असे की ‘सर्व भूतां’मध्ये तोही एक आहे, म्हणून त्याने पाणी प्यावे, पण मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून.

याहूनही मोलाचा एक छोटा नियम याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात आहे. दुसऱ्याच्या जलाशयात स्नान करायचे असेल तर आधी त्यातून चिखलाचे पाच गोळे बाहेर काढावेत आणि मगच स्नान करावे, असे तो सांगतो. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त ‘दुसऱ्याचे’ याचा खुलासा सर्व प्राण्यांसाठी त्याग न केलेले पाणी असा केला आहे. नियमाचा धार्मिक अर्थ काहीही असो, त्याचा परिणाम स्वच्छ दिसतो. जो पाणी वापरायला येतो तो पाण्यात उतरण्याआधी तळ्याचा थोडा गाळ उपसून जातो; शंभर माणसे आली तर पाचशे गोळे निघतात आणि तळे जिवंत राहते. येथे मोबदला पैशाने दिलेला नाही, मालकाच्या हातात काही पडलेले नाही. परतफेड थेट पाण्याला केलेली आहे. वापर आणि परतफेड यांच्यामध्ये कोणताही मध्यस्थ नसावा आणि परतफेड वापराच्या आधी व्हावी, ही त्या नियमातील दृष्टी आजच्या भूजल-व्यवस्थापनालाही सहज सुचलेली नाही.

इस्लामी विधिशास्त्रात याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातलेला आढळतो. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत सर्व जण भागीदार आहेत, असे पैगंबरांचे वचन हदीस-संग्रहांत सांगितले जाते. आणि विहिरीभोवती ‘हरीम’, म्हणजे राखीव परिसर, मानण्याची पद्धत फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मविधीच्या शास्त्रात, रूढ आहे. हनफी परंपरेत पडीक जमिनीत खणलेल्या विहिरीचा हरीम चाळीस हातांचा मानतात आणि तेवढ्या परिघात दुसऱ्याने नवी विहीर खणू नये असा दंडक आहे. उपशाच्या शंकूचे गणित मांडले जाण्याच्या कितीतरी आधी, एका विहिरीचा दुसरीवर परिणाम होतो हे त्या शास्त्रकारांनी ओळखले होते. इंग्लंडच्या न्यायालयाने जे अज्ञेय म्हणून सोडून दिले, ते त्यांनी अंदाजाने का होईना, मर्यादेत बांधले.

इतके झाल्यावर जुन्या विहिरींचे गुणगान करून थांबण्याचा मोह होतो, आणि तो निश्चयाने टाळला पाहिजे. ‘सर्व भूतांसाठी’ त्यागलेल्या पाण्यावर सर्व माणसांनाही हात लावू दिला जात नव्हता. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना क्रांतिकारक ठरते ती याचमुळे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांना मार खावा लागला. मागाहून पंचगव्याचे घडे ओतून तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. त्यानंतर स्पृश्यांनी न्यायालयात जो दावा लावला त्यात तळे आपल्या खासगी मालकीचे असल्याचे म्हणणे होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तो अखेर फेटाळला. उत्सर्गाची भाषा आणि स्वत्वाचा दावा यांपैकी सोयीचे असेल ते पुढे करण्याची ही रीत धर्मविचाराला लागलेला सर्वांत मोठा कलंक आहे. ज्या कुटुंबाच्या मागच्या पिढ्या पाणवठ्यापासून दूर उभ्या राहून कोणीतरी वरून पाणी ओतील याची वाट पाहत होत्या, त्या कुटुंबाच्या अंगणात स्वतःची बोअर आणि स्वतःची मोटर असणे ही केवळ सोय नाही, ती मुक्ती आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही तेच म्हणावे लागते. देशावर मोटेच्या पाठी बैल आणि पुरुष राबले, कोकणात रहाटाला रेडा जुंपला गेला, पण घरात प्यायचे आणि वापरायचे पाणी पोहऱ्याने शेंदून आणण्याचे काम बाईचेच राहिले. चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला की दोर लांबत जाई, कप्पीवरून तो ओढताना तळहातांना घट्टे पडत, आणि भरलेली घागर कमरेवर व दुसरी डोक्यावर घेऊन पुन्हा चढण चढावी लागे. श्रमांमुळे पाण्याची किंमत कळत होती, हे खरे आहे. पण ती ज्यांना कळत होती त्यांना पाणी किती वापरायचे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना तो अधिकार होता त्यांच्या तळहातांना घट्टे नव्हते. तेव्हा श्रम गेले म्हणून धर्म गेला, असे विधान करताना कोणाचे श्रम, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाच्या आधारावाचून जगण्याचा, प्रयोग आरंभला, तेव्हा आश्रमवासी स्वतः रहाट ढकलून शेताला पाणी देत असत. त्या श्रमांना साधनेची प्रतिष्ठा मिळाली ती ते सर्वांनी मिळून आणि स्वेच्छेने उचलले म्हणून. जन्माने किंवा लिंगाने एखाद्याच्या माथी मारलेल्या श्रमांना ती उसनी देता येत नाही.

म्हणून प्रश्न अधिक नेमका करावा लागतो. सुलभता हा दोष नव्हे, हे एकदा मान्य केले तर सुलभतेने कोणती मर्यादा नाहीशी होते, हे पाहणे उरते. यहुदी परंपरेत याचा एक फार सूक्ष्म विचार सापडतो. तिसऱ्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या विधिग्रंथात, शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, चाकाच्या साहाय्याने विहिरीचे पाणी काढण्याची मुभा जेरुसलेमच्या मंदिरातील काही विहिरींपुरती दिली आहे. मंदिराबाहेर चाक का चालत नाही, याचे कारण तालमुदात असे दिले आहे की चाकाने पाणी सहज निघते, आणि सहज निघाले की माणूस प्यायला काढता काढता बागेसाठीही काढू लागेल. आक्षेप यंत्राच्या आवाजाला किंवा नवेपणाला घेतलेला नाही. हाताच्या थकव्याने जी मर्यादा आपोआप पडत होती ती चाकाने जाते, आणि तिच्या जागी दुसरी कोणती तरी मर्यादा जाणीवपूर्वक घालावी लागते, हा त्यातील विचार आहे. कुलाबा जिल्ह्यातील मराठीभाषक बेने इस्रायल समाज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत असे आणि त्यावरून त्याला ‘शनवार तेली’ म्हणत, ही गोष्ट येथे आठवते. आठवड्यातून एक दिवस यंत्र थांबवण्याचा तो नियम कोणाच्याही शारीरिक थकव्यावर अवलंबून नव्हता.

जैन आचारात हीच मर्यादा आणखी मूर्त रूपात आढळते. पाणी हेच ज्यांचे शरीर आहे असे अप्कायिक जीव आणि पाण्यात राहणारे सूक्ष्म त्रसजीव, म्हणजे हालचाल करणारे जीव, असे दोन्ही जैन मत मानते. म्हणून पाणी जाड दुहेरी वस्त्रातून गाळून घ्यायचे आणि वस्त्रावर जे जीव राहतात ते गाळलेल्याच पाण्याने अलगद धुऊन, ज्या विहिरीतून पाणी काढले तिच्यातच परत सोडायचे, असा दंडक आहे; त्या परत सोडायच्या पाण्याला ‘जीवाणी’ म्हणतात. ती वरून ओतायची नसते, कारण इतक्या उंचीवरून पडून जीव मरतील. बुडाला कडी असलेले भांडे दोराने पाण्यापर्यंत उतरवून तेथेच ते हळूच उलटे करायचे असते. दिगंबर मुनींच्या आहारासाठी कोल्हापूर-सांगली भागातील श्रावक आजही उघड्या विहिरीचे पाणी शेंदून आणतात, त्यामागचे एक कारण हेच आहे की बोअरच्या सहा इंची तोंडातून, नळी आणि केबल यांच्या मधून, जीवाणी परत पोचवता येत नाही. बोअरमधून पाणी वर येण्याची वाट आहे, खाली काही परत नेण्याची वाट तिच्यात ठेवलेलीच नाही. अप्कायिक जीवांवर ज्याचा विश्वास नाही त्यालाही ही त्रुटी पटण्यास हरकत नसावी.

आता विजेकडे वळावे लागते, कारण ऋणाची साखळी विहिरीपाशी संपत नाही. कोयनेचे पाणी पूर्वेकडे कृष्णेच्या खोऱ्यात वाहण्याऐवजी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले जाते, जवळपास पावणेपाचशे मीटर खाली पडते, जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने असे पश्चिमेला वळवायच्या पाण्याची वार्षिक मर्यादा ६७.५ अब्ज घनफूट ठरवून दिली, कारण पूर्वेकडच्या तहानलेल्या तालुक्यांचा त्या पाण्यावर हक्क आहे. साधा हिशेब केला तर असे दिसते की कोयनेचे एक हजार लिटर पाणी खाली पडून जी वीज होते, ती तारांतली गळती वजा करूनही, साठ मीटर खोलीवरचे सुमारे दीड हजार लिटर पाणी एखाद्या घराच्या टाकीत चढवू शकते. म्हणजे माण किंवा खटाव तालुक्यातील घराने बटण दाबून जे पाणी वर आणले, त्याच्यामागे त्याच खोऱ्यातून पश्चिमेला गेलेले पाणी असू शकते. कोळशाच्या विजेचीही तीच कथा आहे. २०१५ च्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रांनी दर युनिटामागे साडेतीन लिटरांहून अधिक पाणी वापरू नये असे बंधन आले, म्हणजे तेवढे पाणी वाफ होऊन जाणे गृहीतच धरलेले आहे. आणि २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा पाण्यावाचून वीज आणि विजेवाचून पाणी अशी कोंडी मराठवाड्याने प्रत्यक्ष भोगली. अकरा-बारा युनिटांमागचे चाळीसेक लिटर पाणी ही क्षुल्लक राशी आहे. ती कोणाच्या भागातून आली, हे मात्र क्षुल्लक नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राची कल्पना आहे: अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म एकमेकांना धरून फिरतात, आणि या चक्रातून घेऊन त्यात परत काही न घालणाऱ्याला तेथे चोर म्हटले आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त या विचाराला लोकसंग्रहाचे, म्हणजे समाज एकत्र धरून ठेवण्याच्या कर्तव्याचे, अधिष्ठान दिले. या दृष्टीने पाहिले तर पंप वापरणारा गृहस्थ चोर ठरतो तो वीज वापरल्यामुळे नव्हे, पाणी उचलल्यामुळेही नव्हे, तर चक्राचा अर्धाच भाग चालू ठेवल्यामुळे. पूर्वी देहाचा थकवा त्याला घेण्याची आठवण देत असे. आता ते काम ज्ञानाने करावे लागेल. मिताक्षरेचा निकष लावला तर भूजल हे कोणीही विधिपूर्वक त्यागलेले नाही आणि ते एकट्या जमीनमालकाचेही नाही. म्हणजे ते नेमके ‘दुसऱ्याचे पाणी’ आहे, आणि पाच गोळ्यांचा नियम त्याला पूर्णपणे लागू पडतो.

आजचे पाच गोळे कोणते, हे सांगता येण्यासारखे आहे. शंभर चौरस मीटरांचे छप्पर आणि वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस असेल तर त्यावर साठ हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरींची घाण सोडून दिली आणि गळती धरली तरी अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीत किंवा बोअरच्या भोवती जिरवता येते. सातशे लिटर रोजप्रमाणे त्या कुटुंबाचा वर्षाचा उपसा अडीच लाख लिटरांहून थोडा अधिक असतो. म्हणजे घराने आपल्या छपरावरचे सारे पाणी परत केले तरी सुमारे पाचवा हिस्साच फिटतो. उरलेले चार हिस्से शेजारच्या शेतात, गावच्या डोंगरउतारावर, दुसऱ्याच्या बांधावर मुरलेल्या पावसाचे असतात. यावरून दोन गोष्टी निघतात. छपराचे पाणी गटारात सोडणाऱ्या गृहस्थाला कोणतीही सबब उरत नाही. आणि केवळ घराच्या हद्दीत राहून हे ऋण फेडताही येत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे ओळखले. त्या गावाने पाणलोटाची कामे केली, दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यावरून पिके ठरवण्याची पद्धत पाडली, आणि सिंचनासाठी बोअर मारायची नाही, हा निर्बंध स्वतःवर घालून घेतला. ग्रामसभेत मांडलेला तो ताळेबंद हा उत्सर्गविधीचा आजवरचा सर्वांत प्रामाणिक अवतार म्हणता येईल, कारण त्यात स्वत्वाचा त्याग नुसता उच्चारलेला नाही, तो दर वर्षी आकड्यांत दाखवावा लागतो.

पुढील काळात हा प्रश्न अधिक उघडा होणार आहे. केंद्र शासनाने २०२४ मध्ये घरांच्या छपरांवर सौरऊर्जेची योजना सुरू केली असून अशा घरात दुपारी चालणाऱ्या मोटरीला बिलच उरत नाही. कोळसा वाचतो, कोयनेचे पाणी वाचते, ही निःसंशय इष्ट गोष्ट आहे. परंतु उचलण्याचे मोल हेच पाण्याच्या खोलीचे घरापर्यंत पोचणारे एकमेव निदर्शक होते आणि सौर पॅनेल बसवल्यावर तेही पुसले जाते. पाणी दहा मीटरवर असो वा शंभर मीटरवर, घराला दोन्ही सारखेच फुकट. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते, पण शहरालगतच्या वाढीव वस्तीत, जेथे एका भिंतीअलीकडे एक बोअर आणि पलीकडे दुसरी असते, तेथे आपल्या बोअरमध्ये पाणी किती खोलीवर आहे हे घरमालकाला ठाऊक नसते आणि ते शेजाऱ्यांसमोर मांडण्याची कोणतीही सभा नसते. वजन बांधलेली एक दोरी मे महिन्यात आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबरात बोअरमध्ये सोडणे, ती कोठवर ओली झाली ते मोजणे आणि दोन्ही आकडे वस्तीच्या फलकावर लिहिणे, यासाठी ना वीज लागते ना शासनाची परवानगी. आणि ज्यांच्या विहिरी एकाच दगडातले पाणी वाटून घेतात त्यांना एकत्र बसवायचे असेल तर आरंभ याच आकड्यांपासून करावा लागेल.